समास

शिवण उसवली म्हणून ती कादंबरी
माझ्या टेबलावर आली, पंचवटीतल्या वाचनालयात,
दुपारी, पंख्याखाली फक्त पेपरवाले म्हातारे असतात तेव्हा.
खळ निवत होती. मी सहज चाळली.

जुनं भाषांतर. सरहद्दीवरचं प्रेम.
नदीपलीकडचा मुलूख, ओंडक्यांचं घर,
एक घोडेस्वार, आणि त्याच्यापायी शहर सोडून आलेली ती.
प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सूर्य मावळतो.

आणि समासात कुणीतरी
शिसपेन्सिलीनं भांडलेलं.

‘तिच्या केसांना साऱ्या रानाचा वास होता.’
रानाचा नाही. धुराचा. ओल्या लाकडांच्या.

‘त्या एकांतात दोघांवाचून तिसरे कोणीच नव्हते.’
मग पाणी कोण आणत होतं?

‘एका हाताने त्याने तिला घोड्यावर उचलून घेतले.’
आमची सायकल. सावळघाटात मी उतरून ढकलली.

पान एकशे नव्वद. तो हिवाळाभर परतत नाही,
ती दारात कंदील धरून रात्र रात्र उभी.
तिथे एकच शब्द:
रॉकेल.

मी मोठ्यानं हसलो. म्हातारे बघायला लागले.

मागच्या खिशातलं कार्ड काढलं.
द्रौपदा गांगुर्डे, सभासद क्रमांक चारशे बारा,
फॉरेस्ट चौकी, हरसूलच्या पुढे,
जिथून गुजरातची हद्द दिसते.
सगळे शिक्के मी नोकरीला लागायच्या आधीचे.
त्याखाली पुन्हा तीच सही. पुन्हा तीच.
अकरा वेळा.
दर वेळी उशीर, दर वेळी दंड,
चाळीस पैसे, साठ, एकदा तर एक रुपया दहा.
बाकी पुस्तकं नव्हती असं नाही,
तेव्हाही सहा हजार होती आमच्याकडे.

घोड्याचं पान परत काढलं.
सायकलीच्या ओळीखाली, बोथट झालेल्या टोकानं,
नंतरच्या कुठल्यातरी खेपेला लिहिलेलं,
खिडकीशी नेल्यावर लागलं:
माथ्यावर तो थांबला होता.
ओंजळभर करवंदं. हात सगळे चिकानं भरलेले.

नियम असा, की बांधणीआधी समास खोडून घ्यायचे
आणि बांधल्यावर कडा कापून सारख्या करायच्या.

मी शिवण घातली. कणा अंगठ्यानं दाबत बसलो
कपालेश्वराची घंटा होईपर्यंत.
कडा तशाच ठेवल्या.
कपाटात ते पुस्तक आता ओळीबाहेर येतं,
दोन बोटं.