दाबोळी, पहाटे चार

खिडकीबाहेर एकोणीस अंश.
उल्हास कानटोपी घालून चहा ठेवतो :
आज हीव पडलंय, बाई.

पडद्यावर लेह. उणे तेवीस.
मी बर्फ पाहिलाय तो फक्त
वास्कोच्या जेटीवर, बांगड्यांच्या पेटीत.

तरी लिहिते :
पंखांवर बर्फ धरण्याची शक्यता.
डोंगरमाथे ढगात.
आणि तोंडीही सांगते, कॅप्टन मिनेझिस,
अशा गारठ्यात उंचीमापक फुशारकी मारतं.
काटा म्हणतो त्याहून
डोंगर जवळ असतो.

ठाऊक आहे, म्हणत तो सही करतो,
हातमोजे खिशात कोंबतो.
परतताना काय आणू?
तापमान, मी म्हणते. धावपट्टीवरचं,
खरं.

साडेचारला एक दिवा उत्तरेला वळतो.
उल्हास टोपी काढून डोकं खाजवतो.
माझा चहा
केव्हाचा एकोणीसवर आलाय.