एक्केचाळिसावा सेकंद

तेहरान. झेरॉक्सच्या दुकानाखालचं तळघर,
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले.
इथे बसून मी नऊशे वर्षांपूर्वीचं गद्य
नव्वद सेकंदांत बसवते.

आजचा उतारा एवढाच:
शेखला कुणी विचारलं, ‘तो कुठे आहे?’
शेख दुपारच्या नमाजापासून दिवेलागणीपर्यंत गप्प राहिला.
मग म्हणाला, ‘ऐकलंस?’

‘गप्प राहिला’ वाचायला एक सेकंद पुरतो.
मग ती दुपार कुठे ठेवू?

कियानूश म्हणतो, सुरुवातीलाच दणका हवा,
तिसऱ्या सेकंदाला लोकांचा अंगठा सरकतो.
मी सतार घातली, काढली.
वारा घातला. वारा फुकट मिळतो,
म्हणून सगळ्यांच्याच शेखांमागे तोच वाहतो.
आणि घेवड्याच्या शिरा काढाव्यात तशी
हे सॉफ्टवेअर प्रत्येक शांतता
आपोआप ओढून काढतं.

रेडिओतून निवृत्त झालेले फरामर्ज़काका
माइकपुढेच चहा पितात,
साखरेचा खडा दातांत धरून.
‘ऐकलंस’च्या आधी त्यांनी बोट वर केलं:
थांब, तोंडात आहे.
खडा विरघळेपर्यंत थांबलो.
रेकॉर्डिंग चालूच होतं.

ते मी कापलं नाही.

आज दुपारी कियानूशचा निरोप:
‘एक्केचाळिसाव्या सेकंदाला फाइल बिघडलीय.
अकरा सेकंद नुसता फ्रिज घुमतोय
आणि कुणीतरी गिळतंय.’

उत्तर लिहायला घेतलं, खोडलं,
पुन्हा घेतलं.
त्याच्या पडद्यावर दिसत असेल,
‘बेहनूश टाइप करत आहे’.
वरचं झेरॉक्सचं यंत्र बंद झालं.
जिन्यावरचा उजेड
एकेक पायरी वर निघाला.