पाच थेंब

अमळनेरच्या बाजारात सोया सॉस मागितला
तर गल्ल्यावरच्या पोराने न उठताच विचारलं,
मंच्युरियनचा ना?
आणि पुढ्यात ठेवली काळीभोर बाटली,
तीस रुपये, वर लाल ड्रॅगन.

मी ती उलटी केली.
मागचा मजकूर मुंगीच्या पायाचा:
पाणी, मीठ, साखर, रंग, आम्ल, आणखी एक रंग,
सोयाबीन कुठेतरी शेवटून दुसरं,
पंगत उठता उठता बसवलेल्या पाव्हण्यासारखं.

चारच नावं असलेली दे, म्हटलं.
सोयाबीन, गहू, मीठ, पाणी.
तो म्हणाला, मग ताई, काळी कशी होणार?

खरंच, कशी होते?
पाच वर्षं हामामात्सुला म्हातारी माणसं
उचलली, पुसली, भरवली,
तेव्हा कळलं, काळं व्हायला उन्हाळे लागतात.
आणि पुरतं काळं तर ते होतच नाही.
बशीत ओतून खिडकीशी धरलं
की तांबूस दिसतं,
पाकाला आलेल्या गुळासारखं.

इशिझुका-सानांना डॉक्टरांनी नेमून दिले होते
दिवसाला पाच थेंब.
ते आधी झाकण हुंगायचे,
मग टोफूवर एकेक थेंब टाकायचे,
दोन थेंबांच्या मध्ये हवापाण्याच्या गप्पा.
एकदा मी फिक्या रंगाची बाटली आणली.
वाटलं, फिकी म्हणजे सौम्य, आजारी माणसाला बरी.
त्यांनी जीभ लावली, डोळे मिटले.
म्हणाले, रंग बघून मीठ मोजतेस?
फिकीच जास्त खारट.
कढणाचा रंग बिघडू नये म्हणून ती असते.
ती दाट, जवळजवळ बिनगव्हाची, कच्च्या माशासोबत.
रोजच्या घराला मधली.
एवढं सांगेपर्यंत भात गार व्हायचा
आणि मी नोंदवहीत लिहायची:
जेवण अर्धं. मन प्रसन्न.

मधली शेवटी जळगावला सापडली,
पारसमल ओस्तवालांच्या दुकानात,
ओट्सच्या डब्यांमागे, धुळीने माखलेली.
दीडशे मिली, साडेचारशे रुपये.
इतक्यात नऊ किलो दादर येते,
हे मायने बाटली हातात घेण्याआधीच सांगितलं.

मग झाकण नाकाशी नेलं.
काळ्या मसाल्याचं खोबरं
कधी उतरवायचं ते माझी माय नाकाने ठरवते,
जरा आधी तर तांबडं, जरा नंतर तर कडू.
बराच वेळ ती काही बोलली नाही.
"हाई जयेल नही शे," म्हणाली,
"हाई मुरेल शे."

मागच्या दारी कपाशीच्या काट्या पेटवल्या.
भरताची हिरवी वांगी, पोटात सुरीची एकेक चीर.
साल काळी पडून सुटली, बोटं पोळली.
अर्धी मायने मिरची-लसणात ठेचली.
अर्धी मी उभी फाडली,
पांढऱ्या बशीत मांडली जशी तिकडे मांडतात,
वर किसलेलं आलं,
आणि मोजून पाच थेंब.
हात आपोआप थांबला.

"साडेचारशेनी बाटली, नी इतलंच?"

मी परत बाटली तिरकी केली.
सहावा. सातवा.
आठव्याला मागे वळून पाहिलं,
कुणी लिहून तर घेत नाही ना.

मायने दोन घास खाल्ले, भाकरीसोबत.
बरं शे, म्हणाली. पण मिरची कोठे शे?

फ्रिजच्या दारात जागा केली,
इनो आणि लिंबांच्या मध्ये.
उघडली की हिला गारवा लागतो,
नाहीतर आधी वास जातो, मग हळूहळू बाकीचं.
खारं बी फ्रिजमा? माय हसली.

रात्री पाणी प्यायला उठले
तर फ्रिजचं दार उघडं.
पिवळ्या उजेडात माय उभी,
बाटली जागेवर,
हातात नुसतं झाकण.