नारीनमधला पहिला तास

"आधी लोकरी स्वेटर काढा," जिल्दिझबाई म्हणाल्या,
"मग रेडिएटरच्या नळीला हात लावा.
तुमच्या अंगातली ठिणगी
हिला सोसायची नाही."

बाहेर उणे सत्तावीस.
आम्ही नऊजण कुडकुडत
उघड्या पेटीभोवती.
पंख्यावर कुठल्याशा जर्मन कचेरीची धूळ,
पेटीबरोबर फुकट आलेली.

ही मेमरी. वीज गेली की सगळं विसरते.
ही डिस्क. हिला विसर म्हणून सांगावं लागतं,
तरी लबाडी करतेच:
पत्ता पुसते, घर तसंच ठेवते.

"आणि ऑपरेटिंग सिस्टिम?" एर्किनबेक अडून बसला,
"चिमट्यानं दाखवा."
बाई म्हणाल्या, "बाजारात भाव कुठं असतो?
टोपलीत?"
त्याला पटलं नाही. मलाही अर्धंच.

मग बटण दाबलं. पंखा खोकला, फिरला.
काळ्या पडद्यावर तारीख:
एक जानेवारी, दोन हजार दोन.
आतला बटणाएवढा सेल कधीच मेलाय,
म्हणून हे रोज त्याच सकाळी जागं होतं.

दोन हजार दोन.
बाबा अजून मॉस्कोला गेले नव्हते.
अंगणात घोडी होती, तिचं नाव आठवत नाही.

"सेल तू बदल," बाई मला म्हणाल्या.
घड्याळजीकडचा, चाळीस सोमचा.
बसवला. टक्.
तारीख मात्र आपली आपण येत नाही,
ती हातानं भरावी लागते.
दिवस भरला. महिना भरला.
वर्षाच्या रकान्याशी बोट थबकलं.

"आटप लवकर," एर्किनबेक म्हणाला,
"चहा निवतोय."