हाताला न लागलेलं

टे नदीवर धुकं बसून राहिलेला मंगळवार.
डंडीच्या टेकडीवरचं इस्पितळ.
मिसेस घैसासचं 'मिसेस गेसस' करून शोना म्हणाली,
पालथं झोपा,
डावी बाजू टेबलाच्या या भोकातून खाली सोडा.
बावन्न वर्षं पदराआड, कोटाआड सांभाळलेलं
मी खाली सोडलं
आणि टॉवेलवर गाल टेकून
आग लागल्यास कुठून पळायचं ते वाचत राहिले.

गाठ नव्हती. तेच तर.
मी आंघोळीत चाचपलं, डॉक्टरीणबाईंनी चाचपलं,
हेरंबनं दिवा मालवून, भीतभीत.
कुणाच्याच बोटाला काही लागलं नाही.
फक्त फोटोत पांढरे कण,
खसखशीहून बारीक,
मोजून अकरा.

आई तांदूळ पाखडून झाल्यावरही
ताटात पुन्हा पसरायची.
हाताला चुकलेला खडा दाताला सापडतो, म्हणायची.
तिचा तिला सापडला
तेव्हा तो खडा राहिला नव्हता.

ठक्.
हलू नका, शोना म्हणाली. (कुठे हलणार?)
ठक्. ठक्.
नऊ वेळा.
जाळीच्या कापडावर शेवयांचे नऊ तुकडे,
जरासे गुलाबी.

डॉक्टर अडेयेमी ते घेऊन शेजारच्या खोलीत गेले.
आता फोटो माझा नाही, तुकड्यांचा:
कण त्यात आले का ते बघायला.
आणि नसतील आले तर?
तर सुई शेजारच्या घरी जाऊन आली म्हणायचं.

आले होते. तीन तुकड्यांत मिळून सात.
उरलेले चार?
तिथे तिळाएवढी धातूची खूण ठेवलीय, म्हणाले.

मी कौन्सिलच्या हिशेबखात्यात आहे.
पेनी न् पेनी जुळल्याशिवाय उठत नाही.
विचारलं, सुई किती खरं बोलते?
बहुतेकदा खरं, ते म्हणाले.
थोड्याजणींना कमी सांगते.
ते 'थोड्याजणींना' त्यांनी गिळलं नाही,
म्हणून त्यांच्यावर विश्वास बसला.

पुढच्या गुरुवारी निकाल:
ना धड हे, ना धड ते.
त्यालासुद्धा त्यांच्याकडे एक आकडा आहे, तीन.

बसस्टॉपवर हेरंबनं छत्री माझ्याकडे जास्त धरली.
काय म्हणाली सुई?
म्हणाली, पुन्हा पसरा.