तिनाचा आठ

मन्सूर जमादारच्या बुलेटवर मी उलटा बसतो,
पाठ त्याच्या पाठीला, तोंड शर्यतीकडं.
मांडीवर काळी पाटी, खिशात खडू, गळ्यात ओलं फडकं.
पापाच्या तिकटीला तीस वर्षं पाट्या रंगवल्या,
शर्यतीच्या साहेबांना हवा होता
लांबून वाचता येईल असा आकडा काढणारा माणूस.
मराठी आकडे नकोत, म्हणाले, बाहेरची पोरं आहेत.

आज शेवटचा टप्पा. गगनबावडा ते पन्हाळा.
चार दिवसांची गणितं आज संध्याकाळी मिटायची.
हळदी जर्सी आपल्या अवधूत चौगुलेच्या अंगावर,
मुडशिंगीचा, बावन्न सेकंदांनी पुढं.
त्याच्या बापाच्या गोठ्यावर ‘चौगुले डेअरी’ मीच लिहिलंय;
‘डे’ची मात्रा राहिली म्हणून बापानं पन्नास रुपये कापले होते.

बालिंग्याला पुढं दोघं:
बिकानेरकडचा गोदारा, तोंडातून शब्द नाही,
आणि त्याच्या चाकाला चिकटलेला मणिपूरचा थोइबा.
मागं घोळका, घोळक्यात हळद.
मी लिहितो 2:10, पुढच्यांना दाखवतो,
मन्सूर गाडी मागं सोडतो, मागच्यांना दाखवतो.
एकच आकडा.
पुढच्याची शिल्लक, मागच्याची उधारी.

गुऱ्हाळावरची माणसं काकवीची पळी हातात घेऊनच रस्त्यावर आलीत.
फुलेवाडी. रंकाळ्याच्या कडेनं 1:35.
गंगावेशीत कट्ट्यावर दुधाचे पेले तसेच ओठाजवळ थांबलेले,
एक म्हैस मात्र शर्यतीकडं पाठ करून उभी.
शिवाजी पुलावर 1:20.
‘अवध्याऽऽ’ असं कोणीतरी ओरडलं
आणि तो आवाज पंचगंगेवरून आमच्याबरोबर थोडा वेळ आला.

केर्लीला थोइबा सुटला. बाटली टाकली, मान टाकली,
आम्ही त्याच्या शेजारून गेलो तेव्हा पाटीकडं बघितलंही नाही त्यानं.
त्याच्यापुरता आकडा संपला होता.

वाघबिळाच्या चढाला अवधूतनं घोळका फोडला.
एकटा. तोंड उघडं, मिशीवर मीठ.
घड्याळ बघितलं, लिहिलं: 0:53.
बावन्नच्या वर एक.
मन्सूर मान न वळवता म्हणाला,
‘पेंटर, तिनाचा आठ कर की.
दोन कमानी. कोणाला कळतंय?
गोदाराला वाटंल लई हाय हातात, बसंल खाली.’

दोन कमानी.
माझा हात अशा कामाला झोपेतही चुकत नाही.
खडू पाटीला टेकला होता, हे खोटं सांगणार नाही.
मग मी खडू खिशात घातला,
गोदाराला तीन दाखवला.
त्यानं वाचलं आणि तो सीटवरून उठला.

मागं गेलो. अवधूतला पाटी धरली,
दोन्ही हातांनी, छातीसमोर, देवाचा फोटो धरतात तशी.
घाम माझ्या कोपरावरून खाली येत होता.
त्यानं बघितलं.
बघितलं, आणि त्याचे खांदे जरा खाली आले,
जरासेच, सायकल चालवणाऱ्यालाच कळावं एवढे.

पन्हाळ्याच्या नाक्यावर छप्पन्न.
हळद गोदाराच्या अंगावर चढली, ढोल थांबले,
मग कोणीतरी म्हणालं, पाहुणा आहे, वाजवा, आणि वाजले.

अवधूत तटबंदीला टेकून बसला होता, पायांवर पाणी ओतत.
म्हणाला, ‘काका, त्या चढावर एक सेकंद ऱ्हायला होता म्हणं?
मला अठ्ठावन्न दिसलं.
म्हटलं, सहा काय आता निघत न्हाईत.’
तक्रार नव्हती. नुसतंच विचारल्यासारखं.
मी फडकं पिळत राहिलो, कोरडं झालं तरी.

रात्री मन्सूरकडं तांबडा-पांढरा होता, गेलो नाही.
पाटी पुसलेली नाही.
दिव्याखाली धरली: तीन आहे.
डाव्या बाजूला घामाचा एक ओघळ, खडू थोडा पसरलेला,
पण तीन आहे.
मग ती दुकानाच्या फळीला टेकवून
रस्ता ओलांडून पलीकडं गेलो,
चष्मा काढला,
आणि वळून बघितलं.