सातशे ग्रॅम

आटपाडीला माझा हात
खांद्यापर्यंत म्हशीच्या आत असायचा,
रात्री दोनला, मोबाइलच्या उजेडात,
आणि मालक शेपूट धरून विचारायचा,
पाय लागला का सायेब हाताला?

इथे साल्मियात, बकाल्याच्या वरच्या मजल्यावर,
माझ्या तळहातावर अख्खा जीव मावलाय.
सातशे ग्रॅम.
गेल्या महिन्यात आठशे सत्तर होती.
एवढं तर म्हैस एका शेणात टाकते, पुन्हा वर बघतही नाही.
हिचा तो जवळजवळ पाचवा हिस्सा.

झुब्दा तिचं नाव. म्हणजे लोणी.
कागदावर मालकाच्या रकान्यात
मारिसेलनं मॅडमचं नाव लिहिलंय, नीट, मोठ्या अक्षरांत,
मग मला हळूच सांगते :
फ्रीजचं दार उघडलं की ही शिट्टी घालते, रोज.
कालपासून नाही.
मी तीनदा उघडलं, उगाच.

लेंड्या?
त्याही नाहीत.

डॉक्टर रुला तोंडात बारीक दिवा घालतात, मला बोलावतात.
दोन्हीकडच्या दाढा आत वळून
जिभेवर पूल बांधून बसल्यात.
जीभ पुलाखाली. हलत नाही.
भूक आहे, समोर गवत आहे,
आणि हा मेळ बसत नाही.
नुसत्या दाण्यांवर वाढवलं की असं होतं,
दाढा झिजायला काडी लागते, लांब, चिवट, रोजची.
(आमच्याकडे कडबा म्हणतात, मी म्हणालो.
त्या हसल्या. कळलं नसावं.)

पहिल्या वर्षी मी सवयीनं पेनिसिलीनची बाटली उचलली होती.
त्यांनी मनगट धरलं.
ज्यानं मी तिकडे गोठेच्या गोठे उभे केले
ते ह्यांच्या पोटात विष.
त्या दिवसापासून काहीही उचलण्याआधी विचारतो.

दुपारी तीनला शम्सुद्दीन ड्रायव्हर
शूजच्या खोक्यात चिंचिला घेऊन आला.
इमारतीचा एसी सकाळीच गेलेला, बाहेर एकोणपन्नास.
कान लालभडक, कागदासारखे पातळ, श्वास तोंडानं.
थंड डोंगरावरचं जनावर, एवढी दाट लव
की घाम फुटायला वाट नाही.
ओला टॉवेल, पंखा, बर्फ नाही, हळूहळू.
मी उचलायला गेलो तर
मुठीत केसांचा पुंजका सोडून निसटली.
घाबरली की असंच करते ही जात.
त्यानंतर मात्र हलली नाही.

पुंजका अजून माझ्या एप्रनच्या खिशात आहे.
टाकायला हवा.

रात्री वैजूचा फोन. कसा गेला दिवस?
म्हटलं, चिंचिला गेली.
चिंचेला काय झालं? परसातल्या?
नाही गं.
अगं, उंदरासारखं असतं, मऊ.
ती गप्प. मग, जेवलात का?
हो म्हणालो.

झुब्दाच्या दाढा घासून झाल्यात.
दर तीन तासांनी गवताची पूड कोमट पाण्यात कालवायची,
सिरिंजनं गालाच्या कडेनं, थेंबथेंब,
क जीवनसत्त्वाचा थेंब वेगळा,
ते हिच्या अंगात तयार होत नाही. माझ्याही होत नाही.
बारा. तीन. अर्धं हनुवटीवरून माझ्या बाहीवर.
पोटाला कान लावला, तर एसीचीच घरघर.

चार वाजून दहा मिनिटांनी एक लेंडी.
एकच, तांदळापेक्षा थोडी मोठी, कोरडी.
मी तिचा फोटो काढून मारिसेलला पाठवला.
दोन निळ्या खुणा लगेच आल्या.
ती पण जागीच होती.

मग माझी भूक जागी झाली.
लसींच्या फ्रीजचं दार उघडलं
आणि मागून शिट्टी.
बारीक, फाटकी, मध्येच तुटलेली.
पुन्हा एकदा, जरा लांब.

डब्यात होती ढोबळी मिरची.
पण पीठ पेरलेली, तेल सुटलेली.
ही नाही चालायची बाई तुला.
थांब, बकाला सहाला उघडतो.